काजं उजवीकडे

बहिरमच्या जत्रेत तंबू टॉकीजचे भाव दोन:
पडद्यापुढे रुपया,
पडद्यामागे आठ आणे.
वाचलेल्या आठ आण्यांचे रोडगे खायचे
म्हणून मी आणि पंजाब मागच्या बाजूला,
बुडाखाली कुटार, नाकात हंड्यांचा धूर,
पाठीत पौषाची थंडी.

तिथून दिसला तो.
तुरीच्या फुलाच्या रंगाचा कोट,
पिस्त्याच्या रंगाचा जिना, त्यावर अगदी मधोमध उभा.
इकडे सात खिडक्या, तिकडे सात,
प्रत्येकीत एकेक मेव्हणा,
प्रत्येकाच्या हाती वांगी रंगाची छत्री,
आणि चौदाही छत्र्या एकाच वेळी
फट्.
आमच्या घरच्या भिंतींना तेव्हा
नीळ आणि गेरू, एवढंच ठाऊक.

दारावर पाटी होती. ती आम्हाला उलटी.
पुढचे हसून मोकळे व्हायचे
आणि आम्ही अजून 'ढकला' हा शब्द
लापासून ढपर्यंत जोडत बसलेलो.
तो मात्र दार ओढतोय, ओढतोय,
बगलेत कोट उसवेस्तोवर ओढतोय.
मागच्यांचं हसू नेहमी एक श्वास उशिरा.
पुढचे मग त्यालाच हसायचे.

शिलाई शिकलो चांदूर बाजारला.
पहिला कोट शिवला बँडमास्तर रोडबाजी इंगोल्यांचा,
हुबेहूब तोच, खांद्यात किंचित चढा.
घालून पाहिला त्यांनी, बटणं चाचपली, म्हणाले,
"बापा, हा तं बायकी निंगाला. काजं उजवीकडे?"
मी म्हणालो, सिनेमात तशीच आहेत,
मी स्वतः पाहिलीत, तीन खेळ.
लग्नसराईभर वरातीपुढे तो कोट
चुकीच्या बाजूनं चमकत राहिला.
मजुरी अर्धीच मिळाली.

काल श्रावस्तीनं, म्हणजे नातीनं,
लॅपटॉपवर शोधून दिला तो सिनेमा.
रंग धुऊन वाळत घातल्यासारखे,
पाटी सुलटी,
काजं डावीकडे, जिथं पुरुषाची असतात तिथं.
सगळं बरोबर,
आणि मला माणूसच ओळखू येईना.
छत्रीचा हात बदललेला,
जिना भलतीकडे वळतो,
ओळखीच्या घरात कुणी चूल हलवून ठेवावी तसं.
मधोमध येऊन उभा राहतो,
दोन्हीकडे सात सात,
तेवढ्यापुरता माझा वाटतो. मग हात उचलतो
आणि पुन्हा परका.

'ढकला.' लगेच वाचलं.
तरी हसू आलं ते सवयीनं, उशिराच.
"आबा, आता काऊन हासता? थे तं निंगून गेलं."

मी उठलो. गिऱ्हाइकाच्या आरशाचं फडकं काढलं,
लॅपटॉपचं तोंड आरशाकडे केलं
आणि आम्ही दोघं त्याच्या मागे,
पायाखाली कातरणं,
शिलाई मशीनला पाठ टेकून.
आला. डाव्या हातानं टोपी सारखी करत
आला माझा गडी, बायकी कोटात.

श्रावस्तीचे ओठ हलताहेत.
"ला..."
तो दाराशी पोचलाय, मूठ धरलीय, ओढतोय.
माझ्या गालात हसू येऊन बसलंय,
मी ते धरून ठेवलंय.
पोट्टी अजून 'क'वर आहे.