सतरावा दिवस

रुफिस्कच्या नगरपालिकेत मी बैठकांची इतिवृत्तं लिहितो.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कोण गप्प बसलं ते लिहायचं नाही,
असा नियम.

त्या दिवशी टेबलावर प्रतिकृती मांडली होती:
पुठ्ठ्याचं स्टेडियम, निळ्या काचेचा तलाव, स्पंजाची झाडं
आणि तांदळाएवढी माणसं, शेकड्यांनी.
डकारहून आलेले साहेब लाल ठिपका फिरवत होते.
सोळा दिवसांचे खेळ. त्यानंतर वारसा.
वारसा हा शब्द त्यांनी अकरा वेळा उच्चारला.
मोजणं माझ्या कामात येत नाही, तरी मोजलं.

सिगा न्दूर उशिरा आली,
हातांनी पेडल मारायच्या तिच्या तीनचाकीतून,
चाकांत वाळू, मागे सुक्या माशांची टोपली.
दाराला उंबरा. म्हणून पहारेकरी अर्फांग आणि मी
तिला गाडीसकट उचलून आत घेतलं.
"लिही," ती मला म्हणाली, "उचलून आणली, असं लिही."

मग ती प्रतिकृतीकडे बघत राहिली. बराच वेळ.
"यात सगळे उभेच आहेत.
एकही बसलेला नाही, कुणाच्या कडेवर पोर नाही,
म्हातारंसुद्धा दिसत नाही कोणी.
बाकीची कुठे गेली?"

साहेबांनी रॅम्प दाखवला. खरंच होता, सुबक,
उतार अगदी मापात. लिफ्टही दाखवली.
"छान आहे," ती म्हणाली. "आणि लिफ्टची किल्ली?
म्हणजे सतराव्या दिवशी,
मांडव उतरवल्यावर, खुर्च्या परत गेल्यावर,
कुणाच्या खिशात असेल?"

कोणी बोललं नाही.
(नियम मोडतो आहे. कोणी बोललं नाही.)

सोड्याच्या बाटलीचं झाकण पडलं होतं तिथे.
तिनं ते धारेवर उभं केलं,
"ही मी," म्हणाली, आणि बोटानं ढकललं.
बसथांब्यापासून फाटकापर्यंत गेलं झाकण,
रॅम्प चढलं, तलावाला वळसा घालून परत आलं.
आम्ही टाळ्याच वाजवणार होतो.
तर तिनं ते उचललं आणि टेबलाच्या टोकाला ठेवलं,
प्रतिकृती संपते त्याच्या पलीकडे, चहाच्या डागांत.
"माझं घर इथे.
इथून थांब्यापर्यंत तीनशे पावलं वाळू.
तुमची पावलं. माझं माप निराळं:
दोन भाऊ, नाहीतर एक भाऊ आणि घोडागाडीवाला."

नंतर, कुणाकडेही न बघता:
"वारसा म्हणता, तर वारस कोण ते आधी ठरवा.
बापानं माळ्यावर घर ठेवलं
आणि जाताना शिडी सोबत नेली,
तर पोरांना काय मिळालं?"

अर्फांगनं चहा आणला. आमच्याकडे चहा तीनदा होतो,
पहिला कडू. बैठका बहुधा पहिल्यातच संपतात.
ही तिसऱ्यापर्यंत चालली.

रात्री मसुदा लिहिताना
"सर्वसमावेशक" हा शब्द मी तीन जागी खोडला.
एके ठिकाणी लिहिलं: शौचालयाचं दार बाहेर उघडावं.
दुसऱ्या ठिकाणी: तलाव दुपारीही खुला असावा,
मासळीवाल्या बायका तेव्हाच मोकळ्या होतात.
तिसऱ्या: किल्ल्या दोन. एक सिगा न्दूर हिच्याकडे.
साहेबांनी किल्लीचं वाक्य खोडलं.
मी परत लिहिलं.
त्यांनी परत खोडलं. कागद तिथे पातळ झालाय.

प्रतिकृती अजून आमच्या खोलीत आहे, धूळ मीच पुसतो.
झाकणाभोवतीनं पुसतो.

खेळ व्हायचेत अजून.
तिच्या गल्लीत चाळीस मीटर फरसबंदी झाली,
मग सिमेंटच्या गोण्या दुसरीकडे कुठेतरी गेल्या.
काल बाजारात भेटली. विचारलं, कसं काय?
"चाळीस मीटर मी माझी असते," म्हणाली,
"पुढे भावाची."