पंच नंबर दोन

कसबा बावड्यात, कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान.
पानाला पंचवीस रुपये, तळटीपा असतील तर तीस.
मगदूम मॅडमच्या प्रबंधात तळटीपाच जास्त,
वर चार ओळी मजकूर, खाली मुंग्यांची रांग.

विषय : अमली पदार्थांचे कायदे आणि संमतीचे गुन्हे.
मी म्हटलं, संमती असल्यावर गुन्हा कसला?
त्या म्हणाल्या, तेच तर शोधतेय काका,
तुम्ही फक्त वेलांट्या सांभाळा.

सांभाळल्या.
पहिल्या प्रकरणात भांगेचं पान सुटतं,
त्याच झाडाचा फुलोरा अडकतो.
एका देठावर दोन न्याय.
टाइप करताना हसू आलं.
महाशिवरात्रीला आमच्या तालमीत हंडाभर घोटतात,
फौजदारसाहेबांचा पेला आधी काढून ठेवतात.

दुसऱ्यात नुसता तक्ता. एकशे अठरा खटले.
चोरीत ज्याचं गेलं तो ओरडत येतो,
मारामारीत ज्याला लागलं तो.
इथं फिर्यादीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
सरकारतर्फे, सरकारतर्फे, सरकारतर्फे.
एकदाच टाइप केलं, मग नुसतं ओढत नेलं.

तिसऱ्यासाठी मॅडम कळंबा जेलच्या बाहेर
भेटीच्या रांगेत उभ्या राहिल्या चार सोमवार.
तिथली एक आई म्हणाली :
पोरगं ओढत हुतं, खोटं कशाला बोलू.
पगार त्यात जायचा, सायकल त्यात गेली.
फिर्याद खरं तर माझी हाय.
पण मी दिली असती ती कान धराय,
धा वर्सं नव्हं.
मी 'नव्हं'चं 'नव्हे' केलं.
मॅडमनी लाल पेनानं परत 'नव्हं' केलं
आणि समासात लिहिलं, हात लावू नका.

चौथं प्रकरण काल रात्री घेतलं.
खटला क्रमांक एकाहत्तर.
नावं झाकलेली : आरोपी क, हवालदार ख.
माल गांजा. वजन एक किलो चाळीस ग्रॅम.
खाली मॅडमची टीप : किलोच्या आत असता
तर जास्तीत जास्त वर्षभर, वर गेला की दहापर्यंत.
चाळीस ग्रॅम.
हॉटेलात बिलाबरोबर बडीशेप देतात, तेवढं.
त्याच्या खाली, पंच नंबर दोन, धंदा टंकलेखन.

बोटं थांबली.

दुपार होती. हवालदार दुकानात डोकावला,
जरा सही द्या, पाच मिनिटांचं काम.
मी शटर अर्धं ओढून गेलो.
कागद आधीच लिहिलेला होता, चहा नंतर आला.
वजन गुजरीतल्या सोन्याच्या काट्यावर केलं असं लिहिलंय.
काटा मी बघितला नाही.
पोरगं बघितलं. शिरोलीच्या फाउंड्रीतलं,
मनगटापर्यंत ठिणग्यांचे डाग.
बाकावरनं मला म्हणालं,
मामा, तेवढं चप्पल जवळ सरकवा की.
मी पायानंच सरकवलं
आणि सही केली.
वरचं छापील वाक्य तेव्हा वाचलं नव्हतं,
काल स्वतः टाइप केलं :
आमचेसमक्ष, आमच्या राजीखुशीने.

कुणी हात पिरगाळला नव्हता माझा.
पैसेही नव्हते त्यात.
कोर्टासमोर दुकान आहे, एवढंच.

सकाळी मॅडम आल्या, पेन ड्राइव्ह पुढं केला.
पानं मोजली, पर्स उघडली.
म्हटलं, चौथ्याचे पैसे नकोत.
का हो?
एक तळटीप राहिलीय त्यात.
त्यांनी पानं परत चाळली, बोटानं आकडे मोजले.
नाही काका, सगळ्या आहेत.
मी स्टूल पुसलं.
बसा म्हटलं. सांगतो.