त्रेचाळीस फूट सूत

मैदानावर आखणी नव्हती, कटारे सरांचा टेप कुणीतरी नेलेला.
नागमणीचे वडील सायकलवरून आले, मागाची पाळी संपवून,
कानांत अजून खडखडाट, म्हणून मोठ्यानं बोलत.
पिवळं सूत उलगडलं, त्रेचाळीस फुटांवर गाठ मारली,
म्हणाले, जास्त ओढू नका, कच्चं आहे.

एका टोकाला नागमणी चिलका,
दुसऱ्या टोकाला मी, बिराजदार, उकिडवी,
मार्चच्या मुरमात, अकराचं ऊन तोंडावर.

तिचा हात खांद्यातून पूर्ण फिरायचा
आणि मांडीजवळ मनगट एवढंसं वळायचं.
ते वळण कुठल्या सरांनी शिकवलेलं नाही.
आईचं होतं ते. मांडीवर सूप, तेंदूचं पान,
तंबाखूची चिमूट, अंगठ्यानं वळसा, दोरा, झाली विडी.
दिवसाला हजार. त्यातल्या साठ-सत्तर
तपासनीस छाट म्हणून बाजूला फेकायचा,
हिशोबात धरायचा नाही.
पंचानं बॉल म्हटलं की नागमणी पुटपुटायची, छाट.

बोटांच्या खुणा आम्ही केल्याच नाहीत.
ती तेलुगूत आकडे म्हणायची, उघड, सगळ्यांसमोर.
ओकटी म्हणजे सरळ. रेंडु म्हणजे ऐनवेळी खाली पडणारा.
मूडु म्हणजे फसवा,
बॅट फिरून गेल्यावर सावकाश पोहोचणारा,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.
माझ्या घरी कन्नड. मूडु काय, मूरु काय,
तेवढं सोपं गेलं.

जळगावच्या सामन्यात सात डावांत चौदा जणी बाद.
तिसऱ्या डावात माझी तर्जनी वाकली, बॅटला चाटून आलेल्या चेंडूनं.
मी सांगितलं नाही. ती चालत आली.
दुखूलालंय का बे?
नाही.
खोटं बोलूलालीस.
आणि पुढचे चार डाव तिनं जोर जराही कमी केला नाही.
मला तेच आवडलं.

शिबिराचं पत्र तिला आलं, मला नाही.
यात रडण्यासारखं काही नाही.
माझी फेक दुसऱ्या बेसपर्यंत टप्पा खायची,
सगळ्या पूर्व भागाला माहीत होतं.
पासपोर्टसाठी तिच्या आईनं विड्यांच्या फंडातून उचल घेतली.

शिबिरातून पहिला फोन: का बे, इथं प्लेट जवळ आहे.
मी हसले. मग संध्याकाळी सूत काढलं,
कटारे सरांच्या नव्या टेपनं मोजलं.
चव्वेचाळीस फूट, वर बोटभर.
आम्हीच ओढून ओढून वाढवलं होतं.
तीन वर्षं ती एक फूट लांबून फेकत होती.

परदेशात पहिले नऊ सामने ती बाकावर.
फोनवर फक्त जेवणाचं सांगायची: भात गोड लागतो,
कडक भाकरी संपली, चटणीचा डबा विमानतळावर उघडायला लावला.
दुसऱ्या वर्षी दोन डाव. मग पाच. मग तिचं नाव
निवेदकांना नीट म्हणता यायला लागलं.

आणि तो मनिलाचा सामना, पदकाचा.
मी मंद्रूपच्या पतसंस्थेत, मोबाइल स्टेपलरला टेकवलेला,
आवाज बंद. शेवटचा डाव, एका धावेची आघाडी,
तिसऱ्या बेसवर त्यांची मुलगी, दोघी बाद.
नव्या कॅचरनं बोटं दाखवली. नागमणीनं मान हलवली.
पुन्हा दाखवली. पुन्हा नाही.
तिसऱ्यांदा मान डोलावली,
आणि मग तिचे ओठ हलले, एवढेसेच.
त्या अख्ख्या मैदानात ते कुणाला कळलं असेल?

माझा डावा हात काउंटरखाली गेला,
पावतीपुस्तकाच्या मागं पंजा उघडला.
बॅट फिरून गेली.
चेंडू यायला किती वेळ लागला.

समोर पानगावकर मावशी, हातात ठेवीचे पैसे.
बाई, पावती द्या की.
देते, म्हटलं. थांबा थोडं,
हात मिटत नाहीये.