नाव सापडलं

ग्रिम्स्बीच्या दप्तरखान्यात शाईला बंदी आहे.
पेन दाराशीच ठेवायचं, देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसं,
आणि मिळेल ते शिसपेन्सिलीचं थोटूक घेऊन आत जायचं.
मी सोलापूरची.
तलावाहून मोठं पाणी पाहिलं ते लग्नानंतर,
आणि आता सासूबाईंच्या आजोबांना
समुद्रात शोधायला बसले आहे.

एनॉक कटफर्थ. वय एकतीस. जाळ्यावरचा तिसरा गडी.
जन्म : अनाथालय. बाप : नुसती आडवी रेघ.
‘हॅरिएट लीक’, नऊ जानेवारी एकोणीसशे तेवीस,
पहाटेच्या भरतीला बाहेर पडली.
शेवटच्या रकान्यात सुबक, घाई नसलेल्या अक्षरात :
परतली नाही.
नऊ नावांना मिळून एकच कंस,
एका ओढीत आल्यासारखा.

मागचं पान हिशेबाचं.
पगार धरला बोट शेवटची दिसली त्या दिवसापर्यंत.
वजा बूट, एक जोड. वजा तेलकापडाचा कोट.
म्हणजे बुडताना अंगावर होतं ते सगळं
अ‍ॅडाच्या नावे खर्ची.

मी हे उतरवून घेतलं.
मग सहीच्या जागेकडे लक्ष गेलं.

तिथे फुली होती.

आता मॉरीनच्या कपाटातला बिस्किटांचा डबा सांगायला हवा.
त्यात अकरा पत्रं आहेत, आइसलँडहून आलेली, एनॉकची.
या घरात पोराटोरांना माहीत आहे की आजोबा बुडाले नाहीत,
एका खडकाला लागले, तिथल्या लोकांनी वाचवलं,
येतो येतो म्हणत राहिले.
पुढे तिकडे कुणी बाई भेटली असावी, असं पुरुष म्हणतात.
बायका म्हणत नाहीत.

‘इथे थंडी फार. मासळी रग्गड.
आर्थरने आईला उलट बोलू नये.
विनीच्या बुटांना तळ लावून घ्या, पैसे मागून पाठवतो.’

कुठल्याच पाकिटावर तिकीट नाही.
आणि ‘टी’च्या डोक्यावरची ती रेघ, लांबलचक,
शेजारच्या दोन अक्षरांवर पागोळीसारखी आलेली,
ती मी आधी पाहिली होती.
त्याच डब्यात, तळाशी, अ‍ॅडाच्या घरभाड्याच्या वहीत.

मासळी साफ करून आल्यावर बसत असेल.
बोटांना वास. दिवा बारीक.
नवऱ्याच्या वतीने स्वतःला लिहायचं :
प्रिय अ‍ॅडा.
आणि ते लिहिताना काय वाटत असेल,
हे कुठल्याच रकान्यात नाही.

अकराव्या पत्रात ‘आइसलँड’चं एक अक्षर गळलंय.
ते कुणीतरी वरून घातलंय,
पेन्सिलीने, गोल, शाळकरी हाताने.
विनी तेव्हा आठ वर्षांची.
त्यानंतर पत्र नाही.
आईला ती काही बोलली नसणार,
कारण साठ वर्षांनी मॉरीनला तिने सांगितली
ती गोष्ट खडकाचीच होती.

आमच्याकडे तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी
एक अमावास्या राखून ठेवलेली असते.
मी दरवर्षी भाताचा एक घास जास्त ठेवते,
इथल्या सीगलना त्याचा काही विधिनिषेध नाही.
या वर्षी कुणासाठी ठेवू?
त्याच्यासाठी, की त्या हातासाठी?

संध्याकाळी वृद्धाश्रमात गेले.
खिडकीबाहेर ओहोटी, हंबरचा चिखल मैलभर उघडा.
मॉरीन म्हणाली, काय गं, सापडलं का काही?

नाव सापडलं.
नाव सापडली नाही.
ही आमच्या भाषेतली गंमत इंग्रजीत करता येईना,
म्हणून यादीतलं तेवढं सांगितलं,
बुटांचंही सांगितलं. फुली गाळली.

आणि आइसलँड?

तिथलं दप्तर अजून बघायचंय, म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.
मग शाल गुडघ्यांवर ओढली.
बघ सावकाश, म्हणाली,
आमच्या घरात त्याची कुणालाच घाई नव्हती.
आणि हा चहा गार झालाय, दुसरा आण.