पुसण्यापुरता वेळ

पोटात शिरला की कॅमेऱ्यावर आधी धुकं येतं.
आमच्या खोलीत एसी अठरावर,
आत माणूस सदतीस.
टिपणीस सर म्हणतात, "पूस."
एवढंच. वर बघतही नाहीत.

काढायचा, कोमट सलाईनमध्ये बुडवायचा,
गॉजच्या घडीने टिपायचा,
घासायचा नाही, टिपायचा,
परत द्यायचा.
चरबी उडते, रक्ताचा थेंब बसतो,
जाळताना धूर होतो.
पूस. पूस गं. पूस.
कोपरखैरण्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
नऊ वर्षं मी हेच करते
आणि घरी सांगते, ऑपरेशनला असते.

गेल्या महिन्यात महापेहून नाझनीन दळवी आली,
फोमच्या डबीत एक भिंग घेऊन.
काचेवर म्हणे छिद्रं आहेत, डोळ्याला न दिसणारी,
त्यांत तेल मुरवलंय.
ते काचेला धरून राहतं
आणि रक्ताला काचेपर्यंत पोचूच देत नाही.
सर म्हणाले, म्हणजे अळवावरचं पाणी.
नाही सर, ती म्हणाली,
अळवावर हवेचा थर असतो, दाबलं की जातो.
हे ओलं आहे, म्हणून टिकतं.
फक्त पुसू नका. पुसलं की तेल जातं.

मला तिच्या आधीच कळलं होतं.
गोठिवलीला आई फणस फोडायची
तेव्हा आधी कोयत्याला, मग कोपरापर्यंत हातांना
गोडं तेल चोपडायची.
चीक यायचा, ओघळायचा, निघून जायचा.
आम्ही मधेच हात घालणारी पोरं
रात्रीपर्यंत बोटं सोडवत बसायचो.
हे मी बोलले नाही. ओटीत मी फार बोलत नाही.

आज टेबलावर एकनाथ ढेबे.
तुर्भ्याच्या बाजारात तीस वर्षं मिरचीची पोती वाहिलेली,
खांद्याला घट्टा, केसांत अजून ठसका.
कागदावर पित्ताशयाचे खडे.
बायको बाहेर, मांडीवर रिकामी पिशवी.

रक्त आलं, भिंगावर गोळी होऊन उभं राहिलं,
थरथरलं,
आणि घसरून गेलं.
कुणी काही म्हणालं नाही.
माझी घडी माझ्या हातात तशीच.

एरवी अकरा सेकंद लागतात. मी मोजलेत.
पडद्यावर तेव्हा निळं कापड, दिव्याचा झोत,
माझी ढोबळ बोटं.
सर मान मोडून घेतात,
भूलवाले डॉक्टर पाम बीच रोडच्या खड्ड्यांवर बोलतात,
आणि टेबलावर तेवढा वेळ
एक माणूस नुसता झोपलेला असतो.

आज मधे काहीच आलं नाही.
यकृत दिसलं, त्याची कड दिसली,
आणि कडेपासून पार खालपर्यंत
भिजवलेला साबुदाणा सांडावा तसे
पांढरे दाणे.
इतके स्वच्छ, की मोजता आले असते.

भूलवाले डॉक्टर गप्प.
मशीन आपलं टुक टुक करतंय.
सर पडद्याकडे बघत होते
आणि पडद्यावर धुक्याचा ठिपका नव्हता.

"पूस," ते म्हणाले.

मी काढला. काच कोरडी ठणठणीत होती.
मी तरी बुडवला. तरी टिपला.
मनात अकरापर्यंत मोजलं,
सावकाश,
मग दिला.

नाझनीनच्या फॉर्मवर रकाना आहे:
किती वेळा पुसावं लागलं?
मी लिहिलं, एकदा.
शेजारच्या रकान्यात कारण विचारलंय.
तो तसाच ठेवून
मी खाली सही केली.