पहिली ओढ

मोराव्हा नदीकाठी, ओत्रोकोवित्से नावाच्या गावात
काजळी डोळ्यांत घालत नाहीत,
रबरात घालतात.

नुसतं रबर ओढा, सोडा,
झालं गेलं विसरतं.
त्यात काजळीचे कण मिसळले की ते कणखर होतं
आणि लक्षात ठेवू लागतं.

वरच्या मजल्यावर ओताकार हे आकड्यांत मांडतो.
पडद्यावर त्याचे कण घोळक्याने, एकमेकांना टेकून,
प्रत्येकाच्या अंगाला रबराचा एक पदर
असा चिकटलेला, की बाकीचं ताणलं तरी तो ढिम्म.
जरा हलवलं की घोळका फुटतो,
थांबलं की हळूहळू पुन्हा जमतो.
एवढ्यासाठी सहा स्थिरांक.

तीन आठवडे झाले.
दुसरी ओढ जुळते, तिसरी तर रेघेवर रेघ,
पहिलीच जुळत नाही.
गणित म्हणतं, पहिल्यांदा रबर अडून बसेल.
मशीन म्हणतं, कुठे अडतंय?
त्याने सातवा स्थिरांक घातला.
मग लाज वाटून काढला.

शुक्रवारी तो खाली चाचणीच्या खोलीत गेला.
ब्लाझेना, एकतीस वर्षं त्याच मशीनपाशी,
काळी पट्टी उचलते,
दोन्ही टोकं अंगठ्यांत धरून
एकदा सणकून ताणते,
मग जबड्यात अडकवते.

"हे काय?"
"काय म्हणजे? हात लावल्याशिवाय कशी देऊ?
आत बुडबुडा असला तर बोटांना आधी कळतं."

म्हणजे पहिली ओढ तिची होती.
कुठल्याच वहीत नसलेली.
आपल्याकडे सुंभ जळतो, पीळ राहतो;
इथे पट्टी अख्खी शाबूत
आणि पीळ तेवढा गेलेला.

ताणलेल्या पट्ट्या त्यांनी रात्रभर भट्टीत ठेवल्या.
सकाळी थोडा ताठा परत आला.
सगळा नाही.

सोमवारी नव्या पट्ट्या आल्या.
ब्लाझेनाने पहिली चिमट्याने उचलली,
थेट जबड्यात दिली.
रेघ चढू लागली, गणिताला धरून,
ओताकार मोठमोठ्याने आकडे वाचत होता,
अठरा टक्के, वीस, चाळीस.

तिने पडद्याकडे पाहिलं नाही.
एप्रनच्या खिशात
तिचे अंगठे काहीतरी ताणत होते.