परवाची तारीख

बेळगावच्या कोर्टाला लागून माझं झेरॉक्सचं खोकं,
शेजारी नेमाण्णा उगारे, टायपिस्ट.
त्याच्या मशीनचा 'आर' तुटलाय.
जागा सोडत जातो, मागाहून पेनानं भरतो.

मशीनखाली पुठ्ठा गेलेली डिक्शनरी,
कॅम्पातल्या लिलावात किलोवर घेतलेली.
मेलेल्या शब्दापुढं तिच्यात बारीक कट्यार छापलीय.
गिऱ्हाईक नसलं की नेमाण्णा कट्यारी शोधत बसतो.

"हे बघ, हिअर म्हणजे इथं. हिदर म्हणजे इकडं.
एक बसायचं, एक यायचं.
साहेबानं यायचं टाकून दिलं.
आता बसलेल्यालाही हिअर, येणाऱ्यालाही हिअर.
आपलं इकडं अजून हाय की. तिकडं बी हाय."
तिकडं म्हणताना त्याची मान चंदगडच्या बाजूला वळली.
बहीण दिलीय त्याची.

मंगळवारी हुक्केरीची निंगव्वा आली,
पिशवीत उतारे, हातात वकिलाची चिठ्ठी.
नेमाण्णानं वाचली, सवयीनं मराठीत बोलून गेला,
"परवाची तारीख."
बाई मटकन खाली बसली.
परवा ती दवाखान्यात होती, नातवाला सलाइन.
तारीख गेली, म्हणजे वाटणीही गेली.
"मोन्ने अल्ल, यव्वा! नाडिद्द! नाडिद्द!"
नेमाण्णा ओरडला, अर्धं कोर्ट वळून बघत होतं.
मग तिला चहा पाजला, दोन वेळा.

संध्याकाळी पानं उलटत म्हणाला,
"कन्नडात गेलेला मोन्ने, येणारा नाडिद्द.
इंग्रजाकडं बी होते दोन.
एअरयस्टरडे, ओव्हरमॉरो.
दोघांपुढं कट्यार.
आता एका दिवसाला चार शब्द खर्च करतोय बिचारा.
आणि आपला परवा बघ,
कुठल्या बाजूला तोंड हाय, विचारल्याशिवाय कळत नाही."
कुणी मारले असतील हो, मी विचारलं.
"कुणास ठाऊक," म्हणाला,
आणि संपलेली रिबन उलटी गुंडाळून परत चढवली.

गणपतीनंतर एक दिवस मशीन झाकलेलं दिसलं.
झाकणाला टाचणीनं कागद, त्यावर एकच शब्द,
ओव्हरमॉरो.
तिन्ही आर पेनानं भरलेले.
खाली तारीख घालायला विसरलाय.

लोकांना वाटतं, नव्या वकिलाचं नाव.
कुणी कन्नडात विचारलं तर मी नाडिद्द सांगते,
मराठीत विचारलं तर परवा,
आणि हातानं पुढची दिशा दाखवते.

काल निंगव्वा आली, पुढची तारीख पडलीय म्हणत.
नेमाण्णाच्या स्टुलावरची धूळ पुसली,
म्हटलं, इकडं या.
इथं बसा.